बाईंचा रेडा

बाईंकडे येणाऱ्याला चपला उंबऱ्याबाहेर आणि मनगटी घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवावे लागे. डबा दाराशेजारच्या स्टुलावर असे. घड्याळ तांदळात खुपसायचे, वरून मूठभर तांदूळ लोटायचे आणि मग आत यायचे. कारण विचारले तर बाई सांगत की एका खोलीत इतकी घड्याळे एकदम टिकटिकू लागली की पत्र्यावर उंदीर धावल्यासारखे वाटते. ती टिकटिक त्यांच्याखेरीज कोणाला ऐकू येत नसे. डब्यातले तांदूळ पुढे रीतसर शिजत. एकदा भातात कोणाच्या तरी पट्ट्याचे बक्कल निघाले. बाईंनी ते पुढच्या रविवारी धुऊन सर्वांसमोर परत केले आणि भात चांगला झाला होता हेही सांगितले.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, त्यांचे दगडी घर होते. मी त्या घराच्या माडीवर भाड्याने राहत असे. सत्तरच्या दशकाचा मध्य होता आणि मी शहरातल्या एका दैनिकात नोकरीला होतो. बाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. त्या मला ‘वार्ताहर’ म्हणत. जिन्याखाली उभ्या राहून त्या ‘अहो वार्ताहर, नळ आलाय’ असे ओरडत, तेव्हा ती बातमीच वाटे.

मुलींच्या शाळेत त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले होते, संगीत नव्हे. त्यांना स्वतःला एक ओळसुद्धा सुरात म्हणता येत नसे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्या नुसते ओठ हलवत, असे त्यांच्या विद्यार्थिनी सांगत. कान मात्र असा की भाजीवालीची आरोळी, सायकलची घंटा, पातेल्यावर पडलेला चमचा, प्रत्येकाचा स्वर त्या हार्मोनियमच्या पट्टीत सांगत. गिरणीचा भोंगा शहराला वेळ सांगे, बाईंना तो स्वर सांगे. सकाळी भोंगा झाला की स्वयंपाकघरातून बाईंचे निदान ऐकू येई, ‘आज उतरलाय. बॉयलरला वाफ कमी आहे.’ एकदा बातमीसाठी गिरणीत गेलो असता मी बॉयलरवाल्याला विचारले की काल सकाळी वाफ कमी होती का. फावडे खाली ठेवून तो म्हणाला, ‘तुमाला कुनी सांगितलं?’

भोंगा संपल्यावर बाईंचा रोजचा एक उद्योग असे. माजघरातल्या हार्मोनियमचा भाता हलवून त्या एकच पट्टी दाबत, पांढरी पाच. तेवढा एक स्वर घरभर भरे आणि थांबे. दुसरी पट्टी नाही, गाणे नाही. पहिले काही महिने मला वाटले की त्या पेटी बिघडली आहे का ते पाहत असाव्यात.

ती पेटी शहरातल्या एका गायिकेची होती. बैठकीत गाणारी बाई, मूल ना बाळ. गेल्यावर तिच्या मागे राहिलेली पेटी शाळेला मिळाली, आणि शाळेने ती मोडीत काढली तेव्हा बाईंनी घरी आणली. तिच्या दोन पट्ट्या इतरांपेक्षा खोलगट झाल्या होत्या, पांढरी पाच आणि पांढरी दोन. बोटाने झिजून तिथे मुगाची डाळ राहील एवढी खळगी पडली होती. बाई वर्गात ती पेटी नेऊन मुलींना विचारत असत की यावरून काय सिद्ध होते. उत्तर असे की या बाईचा षड्ज पांढरी पाच होता आणि पंचम पांढरी दोन. गाणारी गेली, पण तिचा सूर लाकडात मोजता येतो. एवढे सिद्ध करून बाई थांबत. तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तिची एखादी तबकडी निघाली होती असे जुने लोक सांगत, पण ती कोणाकडे सापडली नव्हती. बाईंनी अनेक वर्षे तिचा शोध घेतला होता.

आता रेड्याविषयी.

रेडा हे तबकड्या वाजवायच्या यंत्राचे नाव. मूळचे ते एका टॉकीजचे. खेळ सुरू होण्याआधी त्यावर गाणी लागत आणि कर्ण्यातून रस्त्यापर्यंत जात. टॉकीजने नवीन सामान घेतले तेव्हा हे भंगारात निघाले आणि बाईंनी ते उचलले. हातगाडीवरून उतरवताना हमालांनी दोनदा खाली ठेवले. त्यातला एक घाम पुसत म्हणाला, ‘बाई, ह्ये यंत्र हाय का रेडा?’ बाईंना नाव पसंत पडले. पैठणचा रेडा वेद बोलला, सोलापूरचा गाईल, असे त्यांनी त्याला सांगितले आणि चहा पाजला.

काळी ओतीव पेटी, जात्याच्या तळीसारखी जड थाळी, लाटण्याएवढा जाडजूड हात. बटण दाबल्यावर आधी खोकल्यासारखा आवाज होई, मग थाळी सावकाश वेग धरी आणि एकदा धरला की सोडत नसे. बटण बंद केल्यावरही ती कितीतरी वेळ फिरत राही. बाजूला वेग कमीजास्त करायचा एक पितळी स्क्रू होता. त्याला बाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही.

शेजारी नरसय्याचे माग चालत. त्याच्या घरातले सगळे तेलुगू बोलत, तो बाईंशी सोलापुरी मराठी बोले. मागांचा हादरा जमिनीतून येऊन पिनमध्ये शिरे, म्हणून बाईंनी रेड्याखाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली चादरींच्या घड्या घातल्या होत्या. चादरी नरसय्याच्याच, विणताना डाग पडलेल्या. पहिल्या खेपेला घड्यांची चळत पाहून तो म्हणाला होता, ‘बाई, माझ्या पोरांना एक चादर दोघांत, आणि तुमच्या रेड्याला गादी?’ बाईंनी त्याच रविवारी त्याला तबकड्या ऐकायला पहिल्या रांगेत बसवले. त्यानंतर तो दर रविवारी सकाळी माग बंद ठेवू लागला. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर तो सांगे की देवाचे काम आहे.

पिना पोलादी नसत. पोलादाने तबकडी खरवडली जाते असे बाईंचे म्हणणे. त्या बाभळीचे काटे वापरत. सोलापुरात पाणी नसेल, काटा भरपूर, असे त्या म्हणत. काटा जुना हवा, झाडावरच पिकलेला हवा, सावलीत वाळवायचा, तेलात बुडवायचा, पुसायचा आणि वाजवण्याआधी काचकागदावर टोक काढायचे. काटा पारखण्यासाठी त्या तो नखावर टोचून वाकवून बघत. एका तबकडीला एक काटा. रविवारी येणारे लोक फुले-फळे आणत नसत, काटे आणत. कुंभारी गावाहून येणारा एक श्रोता रुमालात काटे बांधून आणी. त्याला एस.टी.त एकदा कंडक्टरने हटकले होते की हे काय आहे. त्याने सांगितले, ‘गानं हाय.’

रविवारचे ऐकणे हे बाईंच्या आयुष्याचे मुख्य काम होते. शहरातल्या घराघरांतून, माळ्यांवरून, ट्रंकांतून निघालेल्या जुन्या तबकड्या एका मंडळाच्या नावाने जमा झाल्या होत्या आणि बाईंच्या कपाटात उभ्या लावलेल्या होत्या. मागावरचे लोक, गिरणीतून निवृत्त झालेले, दोन शिक्षक, एक रेल्वेतला कारकून, असे कोणीही येऊन चादरीवर बसत. नियम थोडे होते. बोलायचे नाही. मान हलवायची, पण ‘वा’ म्हणायचे नाही. काटा उचलेपर्यंत ‘वा’ तोंडात धरून ठेवायची. बाई म्हणत, ‘ऐकणं हे काम आहे. आरामाला घर आहे ना तुम्हांला?’

या मंडळाचे अध्यक्ष एक डॉक्टर होते. रेल्वे लाइन्सकडे त्यांचा बंगला होता. माणूस भला, हुशार, रोग्यांत प्रिय. अध्यक्ष असले तरी ते रविवारी क्वचित येत, आणि आले तरी घड्याळ डब्यात घालत नसत. नाडी केव्हा बघावी लागेल सांगता येत नाही म्हणून ते घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवत. बाईंनी ही सवलत पदाला दिली होती, माणसाला नव्हे.

परदेशातल्या भावाने डॉक्टरांना एक जपानी यंत्र आणून दिले. मोटर थेट थाळीखाली, मध्ये पट्टा नाही, चाक नाही. वेग अचूक. थाळीच्या कडेवर ठिपके आणि त्यावर एक लाल दिवा, वेग तसूभरही हलला तर ठिपके सरकताना दिसतात. हात इतका हलका की फुंकर मारली तर उडावा. मी ते बंगल्यावर पाहिले आणि ऐकले. मोठ्या तबकडीवरची सतार त्यातून अशी आली की वाजवणाऱ्याचे नख तारेवर घासलेले कळले. हे मी येऊन बाईंना सांगितले. त्यांनी मला भाजी निवडायला बसवले.

पुढे डॉक्टरांनी मंडळाच्या बैठकीत मांडले की तबकड्या आता बंगल्यावर न्याव्यात. त्यांची कारणे खोटी नव्हती. बाईंचे वय झाले होते. पूर्व भागात धूळ आणि कापसाचा तंतू उडतो. रेड्याचा हात जड आहे, काट्याने का होईना, घर्षण होतेच. नव्या यंत्रावर तबकड्या दुप्पट टिकतील. बंगल्यात पंखे आहेत, खुर्च्या आहेत, मागांचा हादरा नाही.

नरसय्या त्या बैठकीला दाराशी बसला होता. डॉक्टरांनी सर्वांनी बंगल्यावर यावे असे मनापासून सांगितले, तेव्हा तो हळूच शेजाऱ्याला म्हणाला, ‘त्येंच्या खुर्चीवर बसायला धोतर धुतलेलं पाहिजे की.’ शेजारी हसला नाही. तबकड्या बंगल्यावर गेल्या तर हे लोक जाणार नाहीत, हे डॉक्टर सोडून खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते. बाईंनाही माहीत होते. पण हा मुद्दा त्यांनी मांडला नाही. दया म्हणून मागितलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी परत मागावी लागते, असे त्या नंतर मला म्हणाल्या.

त्यांनी वेगळेच विचारले. नवे यंत्र जुन्यापेक्षा चांगले वाजते, हे डॉक्टरांनी कशावरून ठरवले?

डॉक्टर म्हणाले, कोणीही ऐकावे.

‘मग ऐकू या,’ बाई म्हणाल्या.

ठरले ते असे. पुढच्या रविवारी नवे यंत्र बाईंच्या घरी आणायचे. दोन्ही यंत्रे पडद्याआड ठेवायची, दोन्हींचा आवाज एकाच कर्ण्यातून येईल. तीच तबकडी आधी एकावर, मग दुसऱ्यावर. कोणते कोणते हे ऐकणाऱ्यांना कळता कामा नये. बहुमत नव्या यंत्राकडे गेले तर तबकड्या बंगल्यावर, रेड्याकडे गेले तर जागच्या जागी. श्रोते निम्मे डॉक्टरांचे स्नेही, निम्मे रविवारचे. डॉक्टर स्वतः श्रोत्यांत बसणार, कारण पडदा त्यांनीच सुचवला होता. आपल्यालाही कळू नये यावर त्यांचा कटाक्ष होता. त्यांचे यंत्र त्यांचा कंपाउंडर चालवणार, रेडा बाई चालवणार. मी पडद्याच्या कडेला उभा राहून हात मोजायचे. वार्ताहराला मत नसते असे बाईंनी जाहीर केले.

डॉक्टरांनी आणखी एक बातमी दिली. आईच्या ट्रंकेत त्यांना एक तबकडी सापडली होती. ती त्याच गायिकेची होती, जिची पेटी बाईंकडे होती. ती गायिका त्यांच्या वडिलांच्या वेळी बंगल्यावर येत असे, आईची तिची मैत्री होती, आणि डॉक्टर तिच्या मांडीवर वाढलेले. तिला ते अक्का म्हणत. तबकडी त्यांनी नव्या यंत्रावर लावून पाहिली होती. त्यांची थोडी निराशा झाली होती. अक्कांचा आवाज भरदार होता, तबकडीत तो बारीक आणि घाईचा आला आहे. त्या काळचे ध्वनिमुद्रणच तसले, ते म्हणाले.

बाईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. तबकडी आज आणली आहे का, असे विचारले. डॉक्टर म्हणाले की ती बंगल्यावर आहे, बाईंनी केव्हाही यावे, लावून दाखवतो.

‘रविवारी आणा,’ बाई म्हणाल्या. मग कप पुन्हा उचलून, ‘प्लेट खोटं बोलत नाही, डॉक्टर. फिरवणारा बोलतो.’

त्या आठवड्यात सकाळची पांढरी पाच रोजच्यापेक्षा लांब वाजत राहिली.

रविवारी पडदा म्हणून नरसय्याने कोरी चादर आणली, मोर विणलेली. ती दोरीवर टाकली. बाईंनी एक अट घातली की दोन्ही मोटरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहतील, नाहीतर रेडा खोकला की सगळ्यांना कळेल. डॉक्टरांनी ती लगेच मान्य केली.

मोठ्या, नव्या तबकड्यांची फेरी झालीच नाही. डॉक्टरांनी एक आणली होती, पण बाईंनी पडद्यामागून सांगितले की त्या बारीक रेषेत काटा शिरत नाही, ती फेरी डॉक्टरांची. रेड्याला टांग्याला जुंपत नाहीत. मी तशी घोषणा केली. कपाटात सगळ्या जुन्याच होत्या, म्हणून निकाल जुन्या दोन तबकड्यांवर लावायचा. पहिली एका नाट्यपदाची, दुसरी अक्कांची. त्या दोन्हींचे निकाल वेगळे लागले तर दुसरी निर्णायक धरायची असे ठरले, कारण तिच्याबद्दल दोन्ही पक्षांना सारखीच आस्था होती.

पहिली फेरी सुरू झाली. नाट्यपद घासलेले होते. आधी एका यंत्रावर वाजले, मग दुसऱ्यावर. पहिल्यात खरखर पुष्कळ होती, प्रत्येक ओरखडा ऐकू येत होता, पण पेटीचे स्वर स्वच्छ होते. दुसऱ्यात खरखर कमी आणि आवाज मऊ. मी हात वर करायला सांगितले. रविवारच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, नरसय्याने डोळा मिचकावला, आणि सगळ्यांनी मिळून पहिल्याला हात वर केले. डॉक्टरांच्या स्नेह्यांतले बहुतेक दुसऱ्याला गेले, दोघेतिघे पहिल्याला.

पहिले यंत्र जपानी होते.

रविवारच्या मंडळींना वाटले होते की जास्त खरखरतो तो आपला रेडा. म्हाताऱ्याला खोकला असायचाच. त्यांनी त्याच्याशी इमान राखले आणि त्याला पाडले. नवीन यंत्राची हिऱ्याची पिन इतकी तल्लख होती की तबकडीवरचा प्रत्येक ओरखडा तिने प्रामाणिकपणे वाचला. काट्याने ते गिळले होते. आणि डॉक्टरांच्या स्नेह्यांनी स्वच्छ वाजते ते नवे असे समजून रेड्याला मत दिले होते.

मी निकाल वाचला. नरसय्याने कपाळावर हात मारला.  पडद्यामागून बाईंचा आवाज आला, अगदी वर्गातला.

‘नरसय्या.’

‘जी बाई.’

‘कान दिलेत ना देवानं? त्यांनी ऐक. मायेनं ऐकू नकोस.’

‘व्हय बाई,’ नरसय्या म्हणाला आणि मांडी घालून ताठ बसला. त्याच्या मागच्या रांगेत कोणीतरी कुजबुजले की आता कपाट आवरायला घ्या. कोणी हसले नाही.

डॉक्टरही हसले नव्हते. त्यांनी पिशवीतून अक्कांची तबकडी काढली, बाहीने पुसली आणि माझ्या हातात दिली. मी ती पडद्यामागे नेली. चिठ्ठी टाकून क्रम ठरवला होता, त्यानुसार आधी नवे यंत्र. बाई भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी तबकडीवरचे नाव वाचले आणि ती कंपाउंडरकडे दिली. कंपाउंडरने ती अलगद लावली.

आवाज आला. तरुण, उंच, चपळ. तान झरझर उतरत होती. मी पडद्याच्या फटीतून पाहिले, श्रोते माना हलवत होते. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते, चेहऱ्यावर सौजन्य होते, नवस फेडायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसे. आत बाईंचेही डोळे मिटलेले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर काहीतरी मोजत होती. तबकडी संपायच्या आत त्यांनी डोळे उघडले आणि कंपाउंडरच्या कानाशी जाऊन विचारले की याचा वेग नक्की बरोबर आहे का. त्याने लाल दिव्याखालचे ठिपके दाखवले. ते चित्रातल्यासारखे स्थिर होते.

‘छान,’ बाई म्हणाल्या.

तबकडी रेड्यावर ठेवल्यावर त्यांनी लगेच काटा टेकवला नाही. पितळी स्क्रू दोन बोटांत धरला आणि फिरवला. थांबल्या, थाळीकडे पाहिले. पुन्हा थोडा फिरवला, अगदी गव्हाच्या दाण्याएवढा. बाहेर चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी विचारले, ‘काय अडचण आहे का?’ मी नाही म्हणून सांगितले. बाईंनी नवा काटा लावला आणि हात खाली आणला.

जो आवाज आला तो मघाचाच होता आणि मघाचा नव्हता. तो खाली आला होता, रुंद झाला होता. मघाशी धावलेली तान आता पायरी पायरीने उतरत होती आणि प्रत्येक पायरीवर पाय पूर्ण टेकत होता. ही मुलगी नव्हती. ही पोक्त बाई होती, पान खाऊन बसलेली, कोणाचीही घाई नसलेली. दम घेतलेला ऐकू येत होता. माझा स्वतःचा संगीताशी संबंध बातमीपुरताच, पण तो षड्ज मी ओळखला. रोज सकाळी भोंग्यानंतर मी तो ऐकत होतो.

मी फटीतून बाहेर पाहिले. नरसय्याची मान हलत नव्हती. डॉक्टर पुढे झुकले होते, दोन्ही हात जमिनीला टेकून, उठायला लागलेल्या माणसासारखे.

‘अक्का,’ ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, समोरच्याला हाक मारावी तसे.

‘बोलू नका,’ पडद्यामागून बाई म्हणाल्या.

डॉक्टर खाली बसले. तबकडी संपेपर्यंत त्यांनी तोंडावर हात धरला होता.

मी मत विचारले. मला क्रमाने विचारायचे होते, आधी पहिले, मग दुसरे. पहिल्याला कोणाचा हात वर झाला नाही. दुसऱ्याचा उच्चार पुरा होण्याआधी डॉक्टरांचा हात वर गेला होता. मग त्यांच्या स्नेह्यांचे, मग मागच्या रांगा. नरसय्याने दोन्ही हात वर केले, ते मी एक मोजले.

मी जाहीर केले की दुसरे यंत्र रेडा होते. यानंतर जो गोंगाट झाला त्यात तोंडात धरून ठेवलेल्या सगळ्या ‘वा’ एकदम बाहेर आल्या. नरसय्याने मोर विणलेला पडदा दोरीवरून ओढला आणि तो रेड्यावर घातला, लग्नातल्या शालीसारखा. थाळी अजून आत फिरत होती. चादर जरा वेळ तिच्याबरोबर फिरली.

डॉक्टर बाईंपाशी आले. तुम्ही काय केले असे त्यांनी विचारले. बाईंनी माजघरातून पेटी आणवली आणि त्यांचे बोट धरून पांढरी पाचवर ठेवले. डॉक्टरांनी बोटाने ती खळगी चाचपली, बराच वेळ.

‘तुमच्या अक्का इथं गायच्या,’ बाई म्हणाल्या. ‘तुमच्या यंत्रावर गायल्या काळी चारला, अर्धा सूर वर. ही प्लेट कापली तेव्हा कापणाऱ्यांचं यंत्र सावकाश फिरत असणार, आणि तुम्ही ती वेगात फिरवता. म्हणून आवाज बारीक आला. मला फक्त किती ते हवं होतं. तुमचं यंत्र अगदी अचूक आहे, डॉक्टर. ते अचूक नसतं तर मला गणित मांडता आलं नसतं.’

डॉक्टरांनी त्यावर एवढेच म्हटले की आईने हे ऐकायला हवे होते. मग त्यांनी विचारले, पुन्हा एकदा लावता येईल का. बाई म्हणाल्या की काटा बदलावा लागेल. बदलला. त्या दिवशी ती तबकडी किती वेळा वाजली ते मी मोजले नाही. नरसय्याचे माग दुपारपर्यंत बंद राहिले.

कार्यालयात जाऊन मी बातमी लिहिली. संपादकांनी ती वाचून विचारले की शेवटी जिंकले कोण, जुने का नवे. मी म्हणालो की मोठ्या तबकडीवर नवे, घासलेल्या तबकडीवर मतांच्या घोटाळ्याने नवे, आणि ज्या फेरीत माणूस ओळखायचा होता त्या फेरीत जुने. ते म्हणाले की याला मथळा बसत नाही. बातमी आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली, मथळ्याविना आली. बाईंनी ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तबकड्या त्याच कपाटात राहिल्या.

पुढच्या रविवारी डॉक्टर वेळेआधी आले. चपला बाहेर काढल्या, मनगटावरचे घड्याळ सोडले आणि कोणी न सांगता तांदळात खुपसले, वरून मूठभर तांदूळ लोटले. मग खिशातून इंजेक्शनच्या सुयांची चपटी डबी काढून बाईंपुढे उघडली. आत कापसावर बाभळीचे काटे ओळीने मांडले होते, दवाखान्यामागच्या झाडाचे.

बाईंनी चष्मा लावला. एक काटा उचलला, नखावर टोचला आणि वाकवला. तो वाकला.

‘ओले आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘सावलीत वाळवा. मग आणा.’

‘हो बाई,’ डॉक्टर म्हणाले, आणि डबी मिटून नरसय्याशेजारी चादरीवर जाऊन बसले.